अनेक भाषांतल्या खेळाडूंचे म्हणणे गेम बनवणाऱ्यांपर्यंत कसे पोहोचते

प्रश्न असा आहे की, एखादा ऑनलाइन गेम आठ-दहा भाषांत चालत असेल आणि तो बनवणाऱ्या मंडळींना त्यांतल्या एक-दोनच भाषा येत असतील, तर बाकीच्या खेळाडूंचे म्हणणे त्यांच्यापर्यंत नेमके कसे पोहोचते, आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरील एका इंग्रजी गटाखेरीज हाताशी काहीच नसलेल्या लहान स्टुडिओने सुरुवात कोठून करावी. खेळाडूंचा अभिप्राय आणि लोकलायझेशन, म्हणजे गेम निरनिराळ्या भाषांत आणणे, या दोन्ही बाजूंनी मी बरीच वर्षे हे काम करत आलो आहे. माझ्या मते अभिप्राय गोळा करणे हा या कामातला सोपा भाग आहे, कारण खेळाडू बोलायला कधीच कमी करत नाहीत. त्यांच्या म्हणण्याचे वजन वाटेत घटू किंवा वाढू न देता ते निर्णय घेणाऱ्या माणसासमोर ठेवणे, आणि त्याचे उत्तर त्याच भाषेत परत नेणे, हे अवघड असते. बहुतेक स्टुडिओ पैसा आणि श्रम पहिल्या भागावर खर्च करतात आणि दुसरा भाग कोणाच्या तरी सवडीवर सोडून देतात.

आधी खेळाडू बोलतात कोठे, ते पाहू. ‘आमचा डिस्कॉर्ड सर्वांसाठी खुला आहे’ हे वाक्य मी असंख्य बैठकांत ऐकले आहे. प्रत्यक्षात चीनमध्ये डिस्कॉर्ड सरळ मार्गाने उघडत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान या दोन्ही देशांनी तो बंद केला. चिनी खेळाडू क्यूक्यूच्या गटांत, बिलीबिलीवर आणि टॅपटॅपवर बोलतात. कोरियन खेळाडू इन्व्हेन, डीसीइनसाइड आणि नेव्हर कॅफेवर असतात. तैवानमध्ये बहामूत या संकेतस्थळाला पर्याय नाही, रशियन भाषकांची गर्दी व्हीके आणि टेलिग्रामवर असते, आणि जपानी खेळाडूची तक्रार पुष्कळदा एक्सवर एका ओळीत, कोणालाही उद्देशून न लिहिता पडलेली असते. इंग्रजी डिस्कॉर्डवर येणारा कोरियन किंवा ब्राझीलचा खेळाडू हा इंग्रजी येणारा, बहुधा जुना आणि खेळात मुरलेला असतो. त्याचे मत खरे असले तरी ते त्याच्या भाषेतल्या सामान्य खेळाडूचे मत असेलच असे नाही. म्हणून पहिले काम प्रत्येक भाषेतली माणसे आज कोठे जमतात याची यादी करणे हे आहे, आणि दुसरे काम तेथे जाऊन काही न बोलता वाचत राहणे. स्टुडिओने स्वतःचे नवे ठिकाण उघडून लोकांना तिकडे बोलावण्याचा मोह टाळावा. लोक येत नाहीत, आणि आले तरी स्टुडिओचे कान आहेत हे जाणून जपून बोलतात.

भारताच्या बाबतीत ही अडचण निराळ्या रूपाने येते, आणि मराठी वाचकाला ती चटकन समजेल. गूगल प्ले स्टोअरने नोव्हेंबर २०२१ पासून फोनवर दिसणारे रेटिंग देशवार केले, त्यामुळे ब्राझीलच्या खेळाडूंना त्रास झाला तर तो ब्राझीलच्याच आकड्यात दिसतो. भारतात मात्र मराठी, तमिळ, बंगाली आणि हिंदी बोलणारे सगळे खेळाडू एकाच राष्ट्रीय आकड्यात मिसळले जातात. त्यात आपल्याकडच्या बहुतेक फोनांची भाषा इंग्रजी ठेवलेली असते. नगर जिल्ह्यातला एखादा मुलगा फोन इंग्रजीत ठेवतो, गेम हिंदीत खेळतो, मित्रांशी व्हॉइस चॅटवर मराठीत बोलतो आणि रिव्ह्यू रोमन लिपीत लिहितो (येथे तो देवनागरीत देतो): ‘गेम मस्त आहे पण लॉबीतच हँग होतो, तीन जीबी रॅमवर चालत नाही, लवकर फिक्स करा’. या एका ओळीत स्टुडिओला हवे असलेले सगळे काही आहे: बिघाड कोठे होतो, कोणत्या प्रकारच्या फोनवर होतो आणि खेळाडू अजून गेम सोडून गेलेला नाही हेही. पण फोनच्या भाषेवरून मोजणी केली तर तो इंग्रजी खेळाडू ठरतो, गेमच्या सेटिंगवरून हिंदी ठरतो, आणि भाषा ओळखणारी स्वयंचलित प्रणाली रोमन लिपीतले मराठी पाहून पुष्कळदा भलत्याच भाषेचे नाव सांगते. त्याने देवनागरीत लिहिले असते तरी एवढ्या छोट्या मजकुरावर हिंदीचा शिक्का बसण्याची शक्यता बरीच असते. अशा रीतीने मराठी खेळाडू आकडेवारीतून नाहीसा होतो, आणि मग ‘मराठीतून काही मागणी दिसत नाही’ असे कोणीतरी प्रामाणिकपणे सांगतो. यावर साधा उपाय असा की, पाहणीत किंवा खाते उघडताना ‘तुम्ही मित्रांशी खेळताना कोणत्या भाषेत बोलता?’ हा एक प्रश्न थेट विचारावा. फोनची भाषा, गेमची भाषा आणि बोलण्याची भाषा हे तीन रकाने वेगवेगळे ठेवले की चित्र पुष्कळ स्वच्छ होते.

एकत्र आकडा फसवतो हे आता मोठ्या दुकानांनाही पटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पीसी गेमचे ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने पुरेसे रिव्ह्यू असलेल्या गेमसाठी भाषेनुसार वेगळे गुण दाखवायला सुरुवात केली. त्याचा उपयोग लगेच पुढच्याच महिन्यात दिसला. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर त्याचे कौतुक चालू असताना सरलीकृत चिनीतले रिव्ह्यू मात्र मोठ्या प्रमाणात नकारात्मक होते, आणि त्यांतली मुख्य तक्रार चिनी भाषांतर बोजड आणि जुन्या वळणाचे झाले आहे अशी होती. स्टुडिओच्या बाजूने भाषांतर सुधारण्याचे आश्वासन मिळाले. तो गेम एकट्याने खेळायचा आहे, म्हणून आपल्या विषयाच्या थोडा बाहेरचा आहे. पण सर्वांची बेरीज करून काढलेला ‘उत्तम’ हा शेरा एका मोठ्या समाजाची नाराजी किती सहज झाकू शकतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मात्र भाषावार विभागणी केली म्हणजे काम झाले असेही नाही. भाषा, देश आणि सर्व्हर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तक्रार या तिघांपैकी कशातून उगवली आहे हे शोधावेच लागते. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसीवरील खेळाडूंना सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर झाली आणि नकारात्मक रिव्ह्यूंचा पूर आला. सोनीला काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. त्या रागाचा एक मोठा भाग अशा देशांतून होता जेथे हे खाते अधिकृतपणे काढताच येत नव्हते. तेथे भाषेचे वर्गीकरण कुचकामी ठरले असते. स्पॅनिश किंवा अरबी लिहिणाऱ्यांतले काही जण पेचात होते, आणि तीच भाषा लिहिणाऱ्या शेजारच्या देशातल्यांना काहीच अडचण नव्हती. उलट ‘फायनल फँटसी १४’मध्ये अवघड लढायांची पद्धत जपान, उत्तर अमेरिका आणि युरोप या विभागांत वेगवेगळी रूढ होते. कोणी कोठे उभे राहायचे, कोणत्या क्रमाने हलायचे, याचे संकेत प्रत्येक विभागाचे आपापले असतात. त्यामुळे ‘ही लढाई फार कठीण आहे’ हे वाक्य दोन भाषांतून आले तरी एका ठिकाणी कारण लढाईची रचना असते आणि दुसरीकडे तेथे रूढ झालेली पद्धत. हे न तपासता दोन्ही तक्रारींची बेरीज केली तर चुकीच्या गोष्टीची दुरुस्ती होते.

पाहण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त विश्वास त्यांच्यावर ठेवला जातो आणि सर्वांत जास्त घोळही तेथेच होतो. एक ते पाच किंवा एक ते दहा गुणांचा प्रश्न सर्व भाषांत तोच ठेवला, तरी उत्तर देण्याच्या सवयी त्याच नसतात. जपानसारख्या समाजांत लोक मधल्या गुणांकडे झुकतात, आणि लॅटिन अमेरिकेत टोकाचे गुण सढळ हाताने दिले जातात, हे सामाजिक शास्त्रांत पुष्कळ आधीपासून नोंदले गेले आहे. म्हणून जपानी सरासरी ३.४ आणि मेक्सिकोची ४.३ आली, तर मेक्सिकोचे खेळाडू अधिक खूश आहेत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. जपानी आकड्याची तुलना मागच्या तिमाहीच्या जपानी आकड्याशीच करावी. भाषांमध्ये तुलना करायचीच असेल तर ‘किती आवडले’ ऐवजी ‘गेल्या सात दिवसांत कोणत्या तीन गोष्टी केल्यात’ किंवा ‘या दोन बदलांपैकी एकच मिळणार असेल तर कोणता घ्याल’ असे प्रश्न विचारावेत, कारण निवड करावी लागली की गुण देण्याची सवय आड येत नाही.

प्रश्नावलीचे भाषांतर एका माणसाने करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा मूळ भाषेत आणावे, आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवून फरक पाहावा, ही जुनी पद्धत अजूनही उपयोगी पडते. पण तिच्याही पेक्षा मला उपयोगी वाटते ती गोष्ट अशी की, त्या भाषेतल्या पाच-सहा खेळाडूंना प्रश्नावली मोठ्याने वाचायला सांगावी आणि प्रत्येक प्रश्नाशी त्यांच्या मनात काय आले ते विचारावे. ‘मॅचमेकिंगबद्दल (म्हणजे सामन्यासाठी खेळाडू जुळवण्याबद्दल) समाधानी आहात का’ या प्रश्नावर एकजण रांगेतल्या प्रतीक्षेबद्दल बोलतो, दुसरा वाईट सहकारी मिळाल्याबद्दल आणि तिसरा लॅगबद्दल, म्हणजे गेम अडखळत चालण्याबद्दल, हे एका दुपारीच उघड होते, आणि पुढच्या हजारो उत्तरांचा घोटाळा टळतो. बक्षीस म्हणून गेममधले चलन द्यायला हरकत नाही, पण मग काही सेकंदांत सगळी उत्तरे टिचकवणाऱ्यांना वेगळे काढावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गेमच्या आत दाखवलेली पाहणी फक्त अजून खेळणाऱ्यांपर्यंत जाते. एखाद्या भाषेतले लोक भाषांतरामुळेच पहिल्या दिवशी निघून गेले असतील, तर उरलेल्यांची पाहणी ‘भाषांतर ठीक आहे’ असेच सांगणार. त्यासाठी सोडून गेलेल्यांना ईमेलने त्यांच्या भाषेत दोनच प्रश्न पाठवावेत. उत्तरे थोडी येतात, पण ती बहुधा डोळे उघडणारी असतात.

जेथे शब्द लागतच नाहीत अशा अभिप्रायाकडे स्टुडिओ पुरेसे लक्ष देत नाहीत. जपानी आणि उत्तर अमेरिकी खेळाडू ज्यात एकाच सर्व्हरवर खेळत, त्या ‘फायनल फँटसी ११’मध्ये ठरावीक शब्द आणि वाक्यांचा एक कोश होता. खेळाडू त्यातून आपल्या भाषेत वाक्यांश निवडे आणि समोरच्याला तो त्याच्या भाषेत दिसे. हीच युक्ती अभिप्रायाला लावता येते. सामना संपल्यावर ‘काय बिनसले?’ असे विचारून सात-आठ ठरावीक पर्याय द्यावेत. खेळाडूला ते त्याच्या भाषेत दिसतात, आपल्याकडे मात्र फक्त पर्यायाचा क्रमांक नोंदला जातो, आणि पोर्तुगीज, थाई, पोलिश या सर्वांची बेरीज भाषांतराशिवाय होते. खाली एक रिकामा चौकोन ठेवावा, म्हणजे यादीत नसलेले दुखणेही कळते. त्या चौकोनात तेच तेच येऊ लागले की पर्यायांची यादी बदलायची वेळ झाली असे समजावे. याच्या जोडीला वागण्याची नोंद असते: ट्युटोरियलच्या कोणत्या पायरीवर कोणत्या भाषेतले लोक अडकतात, कोण मध्येच भाषा बदलून इंग्रजीवर जातो. एखाद्या भाषेतले बरेच लोक पहिल्या तासातच इंग्रजीवर जात असतील, तर भाषांतराबद्दल त्यांना आणखी काही विचारण्याची गरज नसते.

वागण्यातून व्यक्त झालेल्या मताचा सर्वांत गाजलेला प्रसंग ‘ईव्ह ऑनलाइन’मधला आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा गेम २००३ पासून चालू आहे, आणि चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर सर्व भाषांचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. २०११ च्या उन्हाळ्यात महागड्या शोभेच्या वस्तू आणि कंपनीतून फुटलेला एक अंतर्गत मजकूर यांमुळे असंतोष भडकला, तेव्हा खेळाडूंनी जिटा या व्यापारी केंद्रातल्या पुतळ्याभोवती आपली जहाजे आणून त्यावर गोळीबार सुरू केला. तो निषेध समजायला कोणाला भाषांतर लागले नाही. कंपनीने खेळाडूंच्या निवडून आलेल्या मंडळाला, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंटला, तातडीने रेक्याविकला बोलावून चर्चा केली.

हे मंडळ २००८ पासून आहे आणि अभिप्रायाची इतकी औपचारिक व्यवस्था क्वचितच आढळते: खेळाडू मतदान करतात, निवडून आलेले सदस्य गोपनीयतेचा करार करतात आणि पुढचे बदल जाहीर होण्याआधी पाहून मत देतात. पण त्याचे काम इंग्रजीत चालते. रशियन किंवा जर्मन भाषक संघटना आपली मते एकवटून प्रतिनिधी निवडून आणू शकतात, तरी तो प्रतिनिधी चांगले इंग्रजी बोलणारा असावा लागतो, आणि संघटनेबाहेर एकट्याने खेळणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाचे म्हणणे तेथपर्यंत जाण्याची वाट अरुंदच राहते. निवडणुकीने प्रतिनिधित्व मिळते, पण त्यासाठी आधी संघटित असावे लागते. लहान भाषांचे खेळाडू तसे क्वचितच असतात.

आता खेळाडूंचे म्हणणे स्टुडिओपर्यंत नेणाऱ्या मधल्या माणसाबद्दल, कारण माझ्या मते सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी असते. स्क्वेअर एनिक्सने २०१० मध्ये ‘फायनल फँटसी १४’ काढला तेव्हा तो सपशेल आपटला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाओकी योशिदा यांनी सूत्रे घेतली आणि २०१३ मध्ये गेम नव्याने उभा राहिला. या फेरउभारणीत जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा चार भाषांत खेळाडूंशी बोलण्याची व्यवस्था केली गेली. प्रत्येक भाषेची कम्युनिटी टीम खेळाडूंचे म्हणणे गोळा करून टोकियोतल्या चमूपुढे ठेवते, आणि योशिदा स्वतः थेट प्रक्षेपणातून प्रश्नांना उत्तरे देतात. तरीही जपानी खेळाडूंचे जास्त ऐकले जाते अशी कुरबूर पाश्चात्त्य खेळाडूंत अधूनमधून ऐकू येतेच. ती पूर्ण खरी नसली तरी समजण्यासारखी आहे, कारण गेम बनवणारा माणूस एका भाषेतले म्हणणे मूळ शब्दांत वाचतो आणि बाकीच्या भाषांतले सारांशरूपाने. सारांशात राग निवतो, बारकावे गळतात, आणि वारंवार आलेली गोष्ट एका ओळीची होते.

म्हणून सारांश कसा लिहावा याचे नियम ठरवावे लागतात. समजा, पोर्तुगीजमधले अभिप्राय गोळा करणाऱ्या समन्वयकाने ‘सामने जुळायला वेळ लागतो’ एवढेच कळवले. यावर कोणीही काहीही करू शकत नाही. तोच अहवाल असा हवा: साओ पाउलोच्या सर्व्हरवर रात्री अकरानंतर वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंना दहा मिनिटांहून जास्त थांबावे लागते, हे वेगवेगळ्या एकतीस जणांनी लिहिले, त्यांतले बहुतेक वर्षभराहून जुने, दोन मते मूळ पोर्तुगीजमध्ये आणि शेजारी भाषांतर, याच्या उलट मत असणारे नवे खेळाडू, ज्यांना रात्रीच सोपे सामने मिळतात, आणि शेवटी वेगळ्या चौकटीत समन्वयकाचे स्वतःचे मत. ती वेगळी चौकट मी कधीही सोडू देत नाही. समन्वयक बहुधा स्वतः त्याच समाजातला जुना खेळाडू असतो, त्याची मते ठाम असतात, आणि त्यांना स्वतंत्र जागा दिली नाही तर ती खेळाडूंच्या नावाखाली अहवालात शिरतात.

मधला माणूस दुसऱ्या कंपनीचा असला की गुंता वाढतो. चीन आणि कोरियात परदेशी गेम पुष्कळदा स्थानिक प्रकाशकामार्फत चालतात, आणि त्या प्रकाशकाचे स्वतःचे हिशेब असतात. जपानी ‘उमा मुसुमे’ हा घोड्यांच्या शर्यतींवरचा गेम कोरियात काकाओ गेम्स चालवत होती. जपानी खेळाडूंना मिळणाऱ्या सूचना आणि भेटवस्तू आपल्याला तशा मिळत नाहीत, या तक्रारीला समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कोरियन खेळाडूंनी वर्गणी काढून पांगयो येथे कंपनीच्या कार्यालयाजवळ खरीखुरी घोडागाडी फिरवली. त्याआधी २०२१ मध्ये ‘मेपलस्टोरी’सह अनेक गेमच्या खेळाडूंनी विजेरी फलक लावलेले ट्रक कंपन्यांच्या दारात उभे केले होते. आत काय निघेल हे नशिबावर अवलंबून असलेल्या सोडतीसारख्या वस्तूंमधल्या संभाव्यता जाहीर करण्याची सक्ती करणारा कायदा कोरियात मार्च २०२४ मध्ये लागू झाला, त्यामागे याच असंतोषाचा मोठा वाटा आहे. प्रकाशकाशी करार करतानाच कच्चे अभिप्राय, म्हणजे सारांश नव्हे तर मूळ मजकूर, आपल्याला मिळत राहतील असे कलम घालून घ्यावे. नंतर मागितले तर ते क्वचितच मिळतात.

लहान स्टुडिओला प्रत्येक भाषेसाठी पगारी माणूस परवडत नाही हे मला मान्य आहे. मग स्वयंसेवकांकडे वळले जाते. तेथे एक सावधगिरी सांगतो: अमेरिकेत ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या स्वयंसेवकांनी २००० मध्ये, आपल्याकडून कर्मचाऱ्यासारखे काम करून घेतले, असे म्हणत मोबदल्यासाठी कंपनीवर दावा लावला होता. ठरावीक तास, ठरावीक अहवाल आणि वरिष्ठांची देखरेख असेल, तर त्या कामाला मानधन द्या, थोडे असले तरी नियमित द्या. मशीन भाषांतराचा उपयोग जरूर करा, पण तो चाळणी म्हणून: हजार रिव्ह्यूंतून पैशाबद्दलचे कोणते, लॅगबद्दलचे कोणते आणि भाषांतराबद्दलचे कोणते, हे वेगळे काढण्यापुरता. उपरोध, टोमणे आणि त्या आठवड्यात प्रचलित झालेली खेळाडूंची बोली यांच्या बाबतीत निर्णयाआधी ती भाषा जाणणाऱ्या माणसाची नजर फिरायलाच हवी.

सुरुवात करताना खेळाडूंच्या संख्येने सर्वांत मोठ्या दोन परभाषा निवडा. प्रत्येकीसाठी आठवड्यातून काही तास देणारा एक मानधनी वाचक नेमा, वर सांगितलेल्या रचनेत पानभर अहवाल मागवा, आणि तो विकासकांच्या नेहमीच्या बैठकीत इंग्रजी अभिप्रायाच्या आधी वाचला जाईल असे ठरवा. शेवटी ठेवला तर वेळ संपतो. पॅच नोट्स, म्हणजे गेममधल्या बदलांची यादी, त्या दोन्ही भाषांत त्याच दिवशी प्रसिद्ध करा आणि एखादा बदल त्या भाषेतल्या तक्रारीमुळे झाला असेल तर तसे त्यात लिहा. प्ले स्टोअरवरच्या रिव्ह्यूला उत्तर देताना ३५० अक्षरांचीच मर्यादा असते, पण खेळाडूच्या भाषेत आणि त्याने सांगितलेल्या बिघाडाचा उल्लेख करून दिलेले दोन ओळींचे उत्तर साचेबंद इंग्रजी आभारांपेक्षा कितीतरी जास्त काम करते. तिसरी भाषा त्यानंतर, आणि तीही वाचणारा माणूस मिळाल्यावरच घ्यावी.